डालेकांची वंशावळ

आपल्या पुराणांतील राक्षसांना दहा तोंडे असतात, ते मायावी रूपे घेतात. पण विज्ञानकथेतील राक्षस कसा असावा? शास्त्राला थोडेतरी धरून असलेला राक्षस बनवणे वाटते तितके सोपे नाही, बरे का!

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी ब्रिटनमध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. कालयंत्रातून भटकणाऱ्या एका प्रवाशाच्या ह्या गोष्टी. तिची दुसरीच कथा टेरी नेशन यांनी लिहिली आणि तिच्यात डालेक अवतरले. मिरपुडीच्या डबीसारखे धातूचे कवच, पाय नाहीत, दांडीच्या टोकाला एक डोळा आणि कर्कश आवाज! कवचाच्या आत एक दुबळा, विद्रूप जीव. स्कारो ग्रहावर न्यूट्रॉन बॉम्बचे युद्ध झाले, त्याच्या किरणोत्सर्गाने त्यांची ही दशा झाली. त्याच ग्रहावर थाल नावाचे देखणे, शांतताप्रिय लोकही राहतात.

हे चित्र कोठे वाचल्यासारखे वाटते का? एच. जी. वेल्स यांची ‘टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ ची. तिचा नायक इ. स. ८,०२,७०१ मध्ये पोचतो. तेथे जमिनीवर नाजूक एलॉय राहतात, तर जमिनीखाली यंत्रांच्या सोबतीने क्रूर मॉरलॉक. थाल आणि डालेक ह्यांची जोडी ह्याच वळणाची आहे.

आता डालेकाचे कवच उघडून पाहू. १८९८ मधील ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ह्या कादंबरीत वेल्स यांनी मंगळावरचे जीव रंगवले. त्यांचे शरीर म्हणजे जवळजवळ नुसता मेंदू आणि लवचिक सोंडा. हिंडायचे ते तीन पायांच्या अजस्र यंत्रात बसून. वेल्स हे थॉमस हक्स्ली ह्या नामवंत जीवशास्त्रज्ञाचे विद्यार्थी. सगळी कामे यंत्रेच करू लागली तर शरीराचे काय होईल, हा प्रश्न त्यांना सुचला, ह्यात नवल ते काय?

येथे थोडे थांबा. वापरला नाही म्हणून अवयव झडतो आणि तोच बदल मुलांत उतरतो, असे उत्क्रांतिशास्त्र सांगत नाही. किरणोत्सर्गाने होणारे आनुवंशिक बदलही कोणत्याही दिशेने होतात. साऱ्या जमातीला एकच रूप मिळत नाही. तेव्हा डालेक शास्त्राच्या परीक्षेत नापासच होतील! मग ते इतके खरे का वाटतात?

त्याचे कारण त्यांच्या शरीरात नाही, स्वभावात आहे. नेशन यांचा जन्म १९३० चा. त्यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात गेले. ‘आपल्यासारखा नाही तो जगता कामा नये’ हा डालेकांचा एकच विचार. तो नाझींचा विचार आहे. साचा कादंबऱ्यांचा, पण आतले विष इतिहासातले.

१९६६ मध्ये ह्याच मालिकेत सायबरमेन आले. किट पेडलर आणि गेरी डेव्हिस हे त्यांचे जनक. ह्यांपैकी पेडलर स्वतः वैद्यकीय संशोधक होते. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात पहिला हृदयगतिनियंत्रक, म्हणजे पेसमेकर, बसवला गेला होता. पेडलर यांनी विचार केला, असे एकेक अवयव बदलत गेलो तर माणूस कोठे संपेल? सायबरमेननी शरीर तर बदललेच, पण दुःख नको म्हणून भावनाही काढून टाकल्या. परिणाम असा, की दुसऱ्याचे दुःखही त्यांना कळेनासे झाले.

पेसमेकरमुळे कोणी क्रूर होत नाही. उलट असंख्य रुग्ण त्याच्या आधाराने हसतखेळत जगतात. धोका यंत्र बसवण्यात नाही. काय काढून टाकले ह्यात आहे. मॉरलॉक, मंगळवासी, डालेक, सायबरमेन ह्या सर्वांजवळ यंत्रे आहेत, उणी आहे ती दया.

तुम्हीही कधी विज्ञानकथा लिहाल. तेव्हा खलनायकाच्या हाती कोणते शस्त्र द्यावे, हा विचार नंतर करा. त्याने काय गमावले आहे, ते आधी ठरवा. मग तो राक्षस तुम्हांला अंतराळात शोधावा लागणार नाही.