एकतर्फी सामन्याचे गणित

म्हैसूर जंक्शनहून नंजनगूड व चामराजनगरकडे निघालेली गाडी पहिला थांबा घेते तो चामराजपुरमला. स्थानक लहान असले तरी त्याचा शेजार मोठा आहे. १९१६ साली स्थापन झालेले म्हैसूर विद्यापीठ आणि त्याहूनही जुने महाराजा महाविद्यालय येथून फार दूर नाहीत. याच महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसुरातील आपल्या राहत्या घरी एक खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. विद्या आणि प्रक्षेपण यांची सांगड या शहरात अशी जुनी आहे.

दूरचित्रवाणी आल्यावर या सांगडीतून प्रश्नमंजूषा घराघरांत पोचली. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ या कार्यक्रमाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे संघ देशापुढे आणले. कर्नाटकात २००२ पासून दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर डॉ. ना. सोमेश्वर यांनी ‘थट् अंत हेळि’, म्हणजे ‘चटकन सांगा’, हा कार्यक्रम लोकप्रिय केला. त्यात बक्षीस मिळते ते पुस्तकांचे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी असा कार्यक्रम लागला म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण पडद्यावरील स्पर्धकाच्या आधी उत्तर देण्याची शर्यत लावतात. या खेळाची खरी गोडी तीच आहे.

परंतु कधी कधी सामना अगदीच एकतर्फी होतो. एका संघाचे गुण भराभर वाढत जातात आणि दुसऱ्या संघाची मुले मान खाली घालून बसतात. अशा वेळी आपल्या तोंडून सहज उद्गार निघतो, ‘यांना काहीच कसे येत नाही?’ हा उद्गार न्याय्य आहे काय, याचा आज आपण थोडा विचार करू.

अशा सामन्याचे एक ठळक उदाहरण इंग्लंडातील आहे. तेथे १९६२ पासून ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही विद्यापीठीय विद्यार्थ्यांची स्पर्धा दूरचित्रवाणीवर होत आली आहे. तिची मूळ कल्पना अमेरिकेतील ‘कॉलेज बाऊल’ या कार्यक्रमाची. २००९ साली तिच्या उपान्त्यपूर्व फेरीत ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाची गाठ एक्सेटर विद्यापीठाशी पडली. निकाल लागला तो ३५० विरुद्ध १५ असा! १९७२ साली ससेक्स विद्यापीठास अवघे १० गुण मिळाले होते. त्यानंतर इतकी कमी गुणसंख्या कोणत्याही संघाची झाली नव्हती.

आता या आकड्यांचा अर्थ लावताना स्पर्धेचा नियम पाहिला पाहिजे. प्रत्येक वेळी प्रथम एक आरंभीचा प्रश्न येतो. जो आधी कळ दाबील त्याने एकट्यानेच उत्तर द्यावयाचे. बरोबर आल्यास १० गुण. प्रश्न पुरा होण्याआधी मध्येच तोडून चुकीचे उत्तर दिले तर ५ गुण वजा. उत्तर बरोबर आले म्हणजे त्या संघाला प्रत्येकी ५ गुणांचे तीन उपप्रश्न मिळतात, आणि ते मात्र आपसांत विचार करून सोडविता येतात. प्रतिस्पर्धी संघास हे उपप्रश्न विचारलेच जात नाहीत.

समजा, दोन संघांचे ज्ञान तंतोतंत सारखे आहे. आरंभीचे वीस प्रश्न झाले आणि विसांचीही उत्तरे दोघांना येत होती. तीन उपप्रश्नांपैकी दोन सोडविण्याची ताकदही दोघांची सारखीच. फरक इतकाच की, पहिल्या संघाचा हात अर्ध्या क्षणाने चपळ असल्यामुळे पंधरा वेळा कळ त्याने आधी दाबली आणि पाच वेळा दुसऱ्याने. प्रत्येक खेपेस १० आणि १० मिळून २० गुण धरले, तर निकाल होईल ३०० विरुद्ध १००. फळ्यावरील अंतर तिप्पट झाले, आणि ज्ञानातील अंतर मात्र शून्य!

शिवाय मागे पडलेल्या संघापुढे दोनच वाटा उरतात. थांबून पूर्ण प्रश्न ऐकावा, तर दुसरा संघ आधी कळ दाबतो. घाई करावी, तर वजाबाकीचे भय. एकदा हा पेच बसला म्हणजे येत असलेले उत्तरही ओठांवर अडते. परीक्षेच्या दालनात आपल्या मुलांचे असेच होते, हे पालकांना निराळे सांगावयास नको. यावरून कॉर्पस क्रिस्टीचा संघ थोर नव्हता असे मात्र कोणी समजू नये. तो विलक्षण तयारीचा होता. तथापि १५ हा आकडा एक्सेटरच्या चौघांच्या विद्वत्तेचे माप नव्हे.

या कथेचा उत्तरार्धही ध्यानात घेण्याजोगा आहे. कॉर्पस क्रिस्टीच्या संघाची प्रमुख गेल ट्रिंबल ही प्राचीन अभिजात वाङ्मयाची अभ्यासक होती आणि संघाच्या गुणांत तिचा वाटा सिंहाचा होता. एवढे कौतुक झाले, तितकीच तिच्यावर टीकाही झाली. ती शिष्ट आहे, फार मिरवते, असे अनेकांनी म्हटले. हरणाऱ्यास अज्ञानी म्हणावे आणि जिंकणारी मुलगी असल्यास तिला आढ्यतेखोर म्हणावे, ही रीत केवळ इंग्लंडातच आहे असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकू काय?

अंतिम सामना कॉर्पस क्रिस्टीने मँचेस्टर विद्यापीठाविरुद्ध २७५ विरुद्ध १९० असा जिंकला. परंतु थोड्याच दिवसांत असे आढळले की, त्या संघाचा एक सदस्य स्पर्धा संपण्यापूर्वीच शिक्षण पुरे करून नोकरीस लागला होता. स्पर्धकाने शेवटपर्यंत विद्यार्थी असले पाहिजे, या नियमास अनुसरून विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ते मँचेस्टरला मिळाले. ३५० गुणांनीही एका नियमाचे उल्लंघन झाकले गेले नाही.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी अशा स्पर्धेत मोठ्या फरकाने हरून आली, तर गुण विचारण्याऐवजी प्रश्न विचारावेत. सर्व प्रश्न आठवून तीन रकाने करावेत: उत्तर येत होते पण उशीर झाला, उत्तर अर्धे येत होते, उत्तर मुळीच ठाऊक नव्हते. पहिल्या रकान्यास सराव हवा, दुसऱ्यास उजळणी, आणि फक्त तिसऱ्यास नवे वाचन. बहुतेक वेळा तिसरा रकाना मुलास वाटत होता त्याहून लहान निघतो. तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी मुलाला गावातील ग्रंथालयात घेऊन जावे आणि तिसऱ्या रकान्यातील पहिल्या प्रश्नाचे पुस्तक मागावे.