‘ओवी’ शब्दाची व्युत्पत्ती
‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ या धातूपासून आला, हे मत सर्वपरिचित आहे. तथापि जात्यावरील ओव्या कानी बसल्यामुळे तिचे मूळ दळणात शोधण्याची आपणांस सवय जडली आहे. सोमेश्वर चालुक्याचा ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९) या बाबतीत पाहण्याजोगा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादिला. तिसरा भाग १९६१ साली निघाला. महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असे त्यात म्हटले आहे खरे, पण ती कांडताना! मुसळाच्या घावाची लय निराळी, जात्याच्या फेऱ्याची निराळी. दोन्हीकडे समान आहे ते चरणामागून चरण गुंफणे; नाव त्यावरूनच पडले असावे. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत जाते नाही, मुसळही नाही. तरी तिच्या छंदास ओवीच म्हणतात.