आशा स्वयंसेविकेचा थकवा : एक सामाजिक प्रश्न

थकवा हा आमच्या लोकांना नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही थकतच आलो आहोत. आमच्या थकव्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. ज्याने राबायचे त्याने थकायचेच, असा या समाजव्यवस्थेचा न्याय होता. म्हणूनच खेड्यातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या थकव्याविषयी लिहिताना तो एखादीच्या दुबळ्या मनाचा प्रश्न आहे, असे मी मानू शकत नाही.

हा विषय माझ्या घरातला आहे. माझी थोरली बहीण मराठवाड्यातल्या आमच्या गावात पंधरा वर्षांहून अधिक काळ आशा स्वयंसेविका आहे. आठवीनंतर तिची शाळा सुटली आणि माझी चालू राहिली. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो तिने खुरपणीच्या पैशातून माझी फी भरली म्हणून. गेल्या दिवाळीत ती मला म्हणाली, “अंग आंबलं तर रात्री निजून उतरतं रे. आता मन आंबलंय. ते उतरत न्हाई. कुणाचं लेकरू दगावलं तर आधी मनात येतं, आता कागदं भरावी लागतेल. आन्‌ एवढं करून मी वाचवलं तरी कुणाला?” हे सांगताना ती रडली नाही. मला भीती वाटली ती त्याचीच.

मन आंबणे म्हणजे नेमके काय, याचा अभ्यास झालेला आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांची अवस्था पाहून ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. ती माणसे बहुतांशी स्वयंसेवकच होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी या अवस्थेची मोजपट्टी तयार केली. तिला तीन बाजू आहेत. पहिली, आतून रिते होणे. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी मन कोरडे पडणे. तिसरी, आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटू लागणे. माझ्या बहिणीने यातले एकही पुस्तक वाचलेले नाही. पण तिच्या बोलण्यात या तिन्ही बाजू होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेचा समावेश आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत केला. परंतु तो आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्‌भवणारी ती कामाशी निगडित अवस्था आहे, असे संघटना म्हणते. याचा अर्थ असा की दोष शोधायचा तो माणसाच्या मनात नव्हे, कामाच्या रचनेत शोधला पाहिजे.

मग आशा स्वयंसेविकेच्या कामाची रचना कशी आहे? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक स्त्री ‘आशा’ म्हणून नेमली जाऊ लागली. गरोदर बाईची नोंद, बाळंतिणीची ने-आण, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, कुष्ठरोगाची शोधमोहीम, घरोघरचे सर्वेक्षण ही कामे तिच्याकडे आली. पण ती नोकर नाही, कामगारही नाही. ती ‘स्वयंसेविका’. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळ दवाखान्यात जन्मले तर पुढच्या बेचाळीस दिवसांत तिने सहा वेळा त्या घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, आईला विचारायचे. या सगळ्याला २५० रुपये ठरवले गेले. म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडले नाहीत. दार बंद म्हणून परत आलेली खेप कुठल्याच हिशेबात येत नाही.

योहानेस झिग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये असे मांडले की, कष्ट आणि त्याचा परतावा यांचा तोल बिघडला की माणूस खचतो. परतावा म्हणजे केवळ पैसा नव्हे. त्यात मान आणि उद्याची शाश्वती हेही आले. आता हे तिन्ही आमच्या गावी लावून पाहा. पैसा किती ते सांगितले. शाश्वती नाही. आणि मान? गावातल्या एका मोठ्या वाड्यावर माझी बहीण बाळ पाहायला जाते तेव्हा तिला ओसरीवर थांबवतात आणि बाळ बाहेर आणून दाखवतात. चहा येतो तो कागदी पेल्यात. बाळाची तब्येत तिने पाहायची, पण तिने उंबरा ओलांडायचा नाही. हा ताण कुठल्या अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहायचा?

येथे मला महार वतनाची आठवण होते. वतनदार महाराला कामाची वेळ नव्हती. दिवस असो की रात्र, बोलावणे आले की निघायचे. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन आणि लोकांच्या मर्जीवरचे बलुते. वर ‘वतन’ हा मानाचा शब्द! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात यासंबंधीचे विधेयक मांडले ते हे फसवे मानपण फोडण्यासाठीच. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला.

आशा आणि वतन एकच आहे असे मी म्हणत नाही. आशा सर्व जातींतल्या आहेत, हे काम जन्माने गळ्यात पडत नाही आणि ते सोडता येते. परंतु बांधणी ओळखीची आहे. कामाला सीमा नाही, मोबदल्याला निश्चिती नाही आणि दोन्हींवर मानाच्या शब्दाचे पांघरूण. त्या काळी तो शब्द वतन होता. आज तो ‘स्वयंसेवा’ आहे.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. चांगलेच झाले. पण महाराष्ट्रातल्या आशांना ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संपावर जावे लागले, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याच्या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली. गौरव आपणहून चालत आला, पैसा भांडून घ्यावा लागला. योजनांवर राबणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. त्या शिफारशीचे मर्म थकव्याशी जोडलेले आहे. जिला कामगारच मानायचे नाही, तिचा थकवा कामाचा आहे हे तरी कोण मानणार?

मध्यंतरी एका प्रशिक्षणात या बायांना ताण घालवण्यासाठी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला शिकवले. डोळे उघडल्यावर नव्या सर्वेक्षणाचे अर्ज हातात दिले! श्वास घेणे वाईट नाही. पण ठरलेले वेतन, हक्काची रजा, रात्रीच्या बोलावण्याला सोबत आणि वाहन, आणि ‘हे काम माझे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार, हे त्यावरचे खरे उपाय आहेत. कामाचे तास हा कायद्याचा विषय आहे, मालकाच्या दयेचा नव्हे, हे बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दाखवून दिले. त्यांनी पुढे रेटलेल्या सुधारणेतून १९४६ मध्ये कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. माझ्या बहिणीचा आठवडा किती तासांचा, हे तिला आजही सांगता येत नाही.

आमच्या चळवळीने आणि साहित्याने अपमानाची नोंद केली, भुकेची केली. आता या थकव्याचीही केली पाहिजे. मी बहिणीला म्हणालो, “अक्का, सोडून दे हे काम.” ती म्हणाली, “सोडलं तर वस्तीतल्या पोरींना रातच्याला दवाखान्यात कोण नेईल? तू येशील का?”

मी काही बोललो नाही. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे मला ठाऊक आहे.