सिमेंटचा कार्बन नुसता कोळशातून येत नाही!

सिमेंटची भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली, तरी निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतच राहील. तो चुनखडीतच असतो. ती तापली की बाहेर पडतो. मग साधारण १४५० अंशांवर क्लिंकरचे, म्हणजे सिमेंटच्या मुख्य घटकाचे, करडे गोळे तयार होतात.

म्हणूनच मला एलसी-३ सिमेंटचं फार अप्रूप आहे. यात क्लिंकर साधारण ५०%च. बाकी ३०% भाजलेली चिकणमाती, १५% न भाजलेल्या चुनखडीची पूड आणि ५% जिप्सम. माती भाजायला ८०० अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. उत्सर्जन ४०%पर्यंत घटतं! चिनीमातीच्या भांड्यांसाठी नाकारलेली, लोहाने तांबूस झालेली केओलिन मातीसुद्धा चालते. स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या आयआयटींतल्या संशोधकांनी मिळून हे घडवलंय. २०२३मध्ये भारतीय मानकही आलं. घर बांधत असाल, तर पुरवठादाराकडे चौकशी जरूर करा.