कागदावरचा पाऊस: रेघांमधून मनातलं सांगताना

 

आजचा विषय चित्रकलेचा आहे, पण तो 'मला बाई चित्र काढता येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी जास्त आहे. घर, डोंगर, सूर्य, नारळाचं झाड यातलं काहीही न काढता, नुसत्या रेघा, ठिपके आणि फराटे मारून मनातलं कसं बाहेर काढता येतं, ते आज पाहू.

सुरुवात घरापासून करते. मागच्या हिवाळ्यात माझे वडील, म्हणजे मुलांचे आबा, वाईला गेले. तिकीट एकाचंच जमलं, म्हणून मी एकटीच धावले. मुलं इथे बाबांजवळ राहिली. आमचा धाकटा नऊ वर्षांचा. त्यानं आबांचं शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. पंधरा दिवसांनी मी परत आले तेव्हा तो रडला नाही आणि आबांचं नावही काढलं नाही. शाळा, जेवण, फुटबॉल सगळं नेहमीसारखं. मग एक दिवस त्याच्या दप्तरात शाळेचं एक पत्रक सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं रेघाच रेघा, एकावर एक, इतक्या की एका ठिकाणी कागद फाटला होता.

मी विचारलं, "हे काय आहे रे?" तो म्हणाला, "काही नाही." आणि पत्रक काढून घेतलं.

त्या रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना तो कागद टेबलावर पडला होता. तिनं तो पाहिला आणि नातवाला म्हणाली, "अरे बापरे, किती जोर लावलास! हात नाही का दुखला?" तो म्हणाला, "दुखला." आजीनं विचारलं, "मग थांबला का नाहीस?" आणि तो बोलायला लागला. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, पण बोलला. आबांना घेऊन गेले तेव्हा फोनचं चित्र मध्येच अडकलं होतं, आणि त्याला वाटत होतं की आपण नीट निरोप दिलाच नाही.

माझा प्रश्न कुठे चुकला, ते मला त्या दिवशी कळलं. 'हे काय आहे' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते कशाचं चित्र नव्हतंच. आजीनं विचारलं ते हाताबद्दल. हातानं काय केलं, ते त्याला नक्की ठाऊक होतं.

आता यामागचं कारण समजून घेऊ. रेघ म्हणजे हाताच्या हालचालीची खूण. हात जोरात चालला की रेघ गडद होते, घाईत चालला की सुटी आणि निमुळती होते, घुटमळला की थरथरते. राग आला की खांदे ताठ होतात आणि मनगट आवळतं. उदास असलो की हात जड होतो. शरीरातला हा फरक पेन्सिलीतून कागदावर उतरतो. आपल्या भाषेला हे जुनंच ठाऊक आहे. रेघ, रेघोटी, फराटा, ओरखडा, गिरगोटा, ठिपका, शिंतोडा, ओघळ, डाग, ठसा हे सगळे शब्द पाहा, प्रत्येकात हाताची वेगळी चाल आहे. आणि यातले कितीतरी शब्द आपण मनासाठी वापरतो. बोलणं लागलं की मनावर ओरखडा उठतो, माणूस आवडला की त्याचा ठसा उमटतो.

मानसशास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिलंय. हेल्गे लुंडहोल्म यांनी १९२१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांना 'दुःखी', 'शांत', 'संतप्त' अशी विशेषणं दिली आणि प्रत्येकासाठी फक्त एक रेघ काढायला सांगितलं. संतापासाठी लोकांनी टोकदार, कोनाकोनांच्या रेघा काढल्या, तर शांत आणि उदास भावांसाठी सावकाश वळणाच्या. पुढे २००१ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी एक जुना प्रयोग नव्यानं मांडला. दोन आकार दाखवायचे, एक काटेरी आणि एक गोलसर, आणि विचारायचं, यातला 'बूबा' कोणता आणि 'किकी' कोणता? बहुतेक सगळे काटेरी आकाराला 'किकी' म्हणतात. आपल्याकडे 'कडाडणं' आणि 'लोळणं' हे शब्द म्हणून पाहा, हात हवेत आपोआप वेगवेगळे आकार काढेल.

पण इथे एक गाठ आहे. रेघेतून जोर कळतो, वेग कळतो. ती कोणत्या भावनेची आहे, हे मात्र ती स्वतः सांगत नाही. हे नीट समजायचं असेल तर आपल्याच शहरातल्या एका चित्रासमोर जाऊन उभं राहायला हवं.

कॅथेज पार्कमधल्या राष्ट्रीय संग्रहालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं एक चित्र आहे, 'पाऊस, ओव्हेर'. साधारण एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच. फ्रान्समधल्या ओव्हेर गावात त्यानं ते जुलै १८९० मध्ये रंगवलं, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो गेला. चित्रात शेतं आहेत, कावळे आहेत, लांब झाडीत दडलेली घरं आहेत. आणि या सगळ्यावरून तिरपे फटकारे मारलेले आहेत. तोच पाऊस. पावसाची ही रेघ त्यानं जपानी चित्रांकडून शिकून घेतली होती. हिरोशिगेचं १८५७ सालचं, पुलावर अचानक आलेल्या सरीचं चित्र त्यानं १८८७ साली पॅरिसमध्ये तैलरंगात उतरवून काढलं होतं. हिरोशिगेचा पाऊस बारीक, सरळ आणि नेटका आहे. व्हॅन गॉगच्या पावसात त्याचा हात दिसतो.

हे चित्र कार्डिफला आलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. ग्वेंडोलिन आणि मार्गारेट डेव्हिस या दोन बहिणी. आजोबा डेव्हिड डेव्हिस यांनी वेल्सच्या दगडी कोळशावर आणि बॅरीच्या गोदीवर मोठी संपत्ती उभी केली होती. त्यातून या बहिणींनी चित्रं जमवली. हे चित्र ग्वेंडोलिननं १९२० साली विकत घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्या इच्छापत्रानुसार त्यांचा संग्रह संग्रहालयाकडे आला. आज आपण तो फुकट पाहू शकतो.

मागे आई इथे आली होती, तेव्हा तिला मी या चित्रासमोर नेलं होतं. चित्रकाराच्या आयुष्याचे शेवटचे दिवस ठाऊक असल्यामुळे मला त्या फटकाऱ्यांत नेहमी घुसमट दिसायची. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि समाधानानं म्हणाली, "चांगला लागलाय की पाऊस. पेरण्या झालेल्या दिसतात." जुलैतला तिरपा, सपासप पाऊस म्हणजे वाईकडच्या माणसाच्या जिवात जीव. रेघा त्याच, जोर तोच. पण पाहणारी कुठून आली, त्यावर त्यांचा अर्थ ठरला. म्हणून पोराच्या काळ्या रेघा पाहून 'हा दुःखी आहे' असा निकाल लगेच देऊ नये. काळा रंग कदाचित हाताशी आलेला एकच पेन असेल. अर्थ विचारायचा असतो, तोही बेतानं.

आता कुणी म्हणेल, रेघ म्हणजे फक्त आदळआपट का? मुळीच नाही. त्यासाठी आपल्या वासुदेव गायतोंड्यांची आठवण काढू. त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांच्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना फारसं रुचत नसे, 'वस्तुनिरपेक्ष' हा अर्थ त्यांना जवळचा होता. ते ब्रशपेक्षा रोलर आणि रंग खरवडायची सुरी जास्त वापरत. रंगाचे थर चढवायचे, काही भाग काढून घ्यायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत, कारण हात लावण्याआधीचा विचारच लांबलचक असे. त्यांच्या चित्रातल्या खुणा पाण्याखालून वर येत असल्यासारख्या वाटतात. व्हॅन गॉगचा हात धावतो, गायतोंड्यांचा थांबतो. शांत बसणं, वाट पाहणं, आठवण मुरू देणं यांनाही रेघ असते, आणि परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात हेच भाव जास्त असतात, नाही का?

चला, आता घरी काय करायचं ते सांगते.

भिंतीला वॉलपेपरखाली लावतात तो लायनिंग पेपरचा रोल आणा, स्वस्त पडतो आणि भरपूर पुरतो. मोठा तुकडा जमिनीवर पसरा आणि कडा चिकटपट्टीनं पक्क्या करा. चारकोलच्या कांड्या घ्या, म्हणजे आपला लाकडाचा लोणारी कोळसाच. जोडीला मेणाचे खडू, जुना टूथब्रश, स्पंज, फडक्याचा बोळा आणि थोडा पातळ केलेला काळा रंग. केरसुणीची काडी असेल तर उत्तम. कपडे जुने घाला.

नियम एकच: ओळखू येईल असं काही काढायचं नाही. चेहरा नको, बदाम नको, अक्षरही नको. कारण ओळखीचं चित्र आलं की मुलं 'बरोबर आलं का?' याकडे वळतात, आणि हातातलं खरं निसटतं.

आधी हात मोकळा करायला पाऊस काढा. भुरभुर, रिमझिम, संततधार, मुसळधार, मग शेवटी छपरावरून गळणाऱ्या पागोळ्या. प्रत्येकाला अर्धा मिनिट. इथे जन्मलेल्या मुलांना शाळेतून पावसाला वेल्शमध्ये 'ग्लाउ' म्हणतात हे ठाऊक असतं, पण पागोळ्या त्यांनी पाहिलेल्या नसतात. शब्द हातानं शिकला की राहतो.

मग भावनेकडे वळा, पण नुसतं 'दुःख काढ' म्हणू नका. प्रसंग द्या. विमानतळावर आजी काचेपलीकडे गेली तो क्षण. वर्गात सगळ्यांसमोर आपलं नाव चुकीचं उच्चारलं गेलं ती वेळ. खूप दिवसांनी दारात मामा दिसला तेव्हाचं. प्रत्येक प्रसंगाला दोन मिनिटं, बोलायचं नाही. डावखुऱ्यांनी उजव्या आणि उजव्यांनी डाव्या हातानंही एकदा करून पाहावं, त्यामुळे सफाई जाते आणि रेघ प्रामाणिक होते. आणि हो, आईबाबांनीही खाली बसायचंच. मोठे नुसते खुर्चीत बसून पाहत राहिले तर मुलांना ती परीक्षा वाटते.

झाल्यावर 'छान' म्हणू नका आणि 'हे काय' तर नाहीच नाही. आजीसारखं विचारा. हात कुठे जोरात चालला? कुठे थांबावंसं वाटलं? यातली कोणती रेघ पुन्हा काढावीशी वाटते? उत्तर आलं नाही तर राहू द्या. स्वतःच्या कागदाबद्दल एक वाक्य सांगा. कधी कधी तेवढ्यानं समोरचं दार किलकिलं होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हा घरचा खेळ आहे, उपचार नाही. मूल कित्येक आठवडे गप्प असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर जीपीशी किंवा शाळेशी बोला. वेल्समध्ये इयर सिक्सच्या आणि ११ ते १८ वयाच्या मुलांसाठी समुपदेशनाची सोय करणं स्थानिक प्रशासनाला कायद्यानं बंधनकारक आहे. आणि या देशात 'आर्ट थेरपिस्ट' ही पदवी कुणालाही लावता येत नाही, त्यासाठी एचसीपीसीकडे नोंदणी लागते. कुणाकडे जाणार असाल तर ती नोंदणी आधी पाहून घ्या.

आमच्या घरी पुढे काय झालं, ते सांगून निरोप घेते. आबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही कागदाचा एक लांब तुकडा अंथरला. पलीकडे वाईला आईनं अंगणात रांगोळी घेतली, नक्षी न काढता, नुसती चिमटीतून सोडत गेली. फोन मधे ठेवला होता. धाकट्यानं एक लांबच लांब रेघ काढली, सावकाश, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. या वेळी चित्र अडकलं नाही. रेघ संपल्यावर त्यानं फोनकडे पाहून हात हलवला. कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

संग्रहालयात जाणार असाल तर निघण्याआधी ते चित्र सध्या भिंतीवर आहे ना, याची चौकशी करा, चित्रं कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनांना जातात. येताना छत्री विसरू नका. पाऊस बाहेरही असणारच!

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.