फोटोसंपादनाची तोंडओळख : चित्राभोवतीचा रंग

फोटोशॉपमध्ये फोटो उघडला की त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा दिसते. ही जागा फोटोचा भाग नसते. ती फाइलमध्ये सेव्ह होत नाही, छापली जात नाही आणि तिचा रंग बदलल्याने फोटोतला एकही पिक्सेल बदलत नाही. बॅकग्राउंड नावाचा लेयर किंवा टूलबारमधला बॅकग्राउंड कलर यांच्याशीही तिचा संबंध नाही. बदलतो तो पाहणाऱ्याचा अंदाज, आणि फोटो किती उजळायचा, किती गडद करायचा हे त्या अंदाजावरच ठरते.

डोळा कोणताही रंग सुटा पाहत नाही; शेजारच्या रंगाच्या तुलनेतच तो जोखतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचे काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांच्याकडे काळा रंग नीट उठत नसल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तपासात रंग चोख निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. रंगांच्या या परस्पर परिणामाचा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

स्क्रीनवरही हेच घडते. भोवती काळा रंग असेल तर फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. काळ्या केसांतल्या बटा सुट्या दिसतात, सावलीतले बारकावे पुरेसे भासतात आणि फोटो आणखी उजळण्याची गरज वाटत नाही. तोच फोटो पांढऱ्या कागदावर छापला की केसांचा नुसता काळा पट्टा होतो. भोवती पांढरा असेल तर उलट होते : फोटो गडद वाटतो आणि हात आपोआप उजळपणाच्या स्लायडरकडे जातो. रंगीत पार्श्वभूमी सर्वांत फसवी. लालसर रंगाच्या शेजारी तटस्थ करडा किंचित हिरवट दिसतो आणि नसलेला दोष दुरुस्त केला जातो.

फोटोशॉपमध्ये रंग बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोटोबाहेरच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करणे. डिफॉल्ट, काळा, करड्याच्या छटा आणि ‘सिलेक्ट कस्टम कलर’ असे पर्याय समोर येतात. ‘डिफॉल्ट’ निवडल्यास ही जागा प्रोग्रामच्या थीमनुसार रंग घेते; २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून ही थीम मुळातच गडद असते. पेंट बकेट हाती असताना शिफ्ट दाबून मोकळ्या जागेवर क्लिक केले तर फोरग्राउंड कलर तिथे भरला जातो. अनेकदा हा रंग असा चुकूनच बदलतो. तो पूर्ववत करण्यासाठी राइट-क्लिक करून ‘डिफॉल्ट’ निवडावे.

एफ या कीने स्क्रीन मोड बदलतो आणि प्रत्येक मोडचा रंग स्वतंत्र असतो. त्यामुळे साध्या मोडमध्ये निवडलेला रंग पूर्ण स्क्रीनवर दिसला नाही, तर तो बिघाड नव्हे. सर्व मोडचे रंग आणि फोटोभोवतीची रेघ किंवा सावली प्रेफरन्सेसमधील ‘इंटरफेस’ या विभागात एकत्र ठरवता येतात.

गिंप या मोफत प्रोग्राममध्ये हीच सोय ‘व्ह्यू’ मेनूतील ‘पॅडिंग कलर’ येथे आहे. कायमस्वरूपी बदल प्रेफरन्सेसमध्ये ‘इमेज विंडोज’खालील ‘अपिअरन्स’ येथे करावा लागतो. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटोभोवती राइट-क्लिक केल्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या ठरावीक छटा मिळतात.

रोजच्या कामासाठी मध्यम करडा सर्वांत सुरक्षित. कस्टम कलरच्या चौकटीत आर, जी आणि बी या तिन्ही ठिकाणी ११९ लिहिल्यास एसआरजीबीमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर भासणारी छटा मिळते. तिन्ही आकडे समान असल्याने तिच्यात कुठल्याच रंगाची झाक नसते. इतर छटा तपासणीपुरत्या वापराव्यात. छपाईला देण्यापूर्वी फोटो पांढऱ्यावर पाहावा. कॅटलॉगसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेल्या दागिन्याच्या फोटोत कडेला राहिलेला मळकट करडेपणा पांढऱ्यावरच उघडा पडतो. कडा मुद्दाम गडद केल्या असतील तर त्या जास्त झाल्यात का, हेही काळ्यावर कळत नाही. फिकट छटेवर लगेच कळते.

मॉनिटरचे कॅलिब्रेशन चुकलेले असेल किंवा खोलीतला उजेड सारखा बदलत असेल, तर नुसता करडा रंग निवडून भागत नाही. आधी त्या दोन गोष्टी मार्गी लावाव्यात आणि मगच ही छटा कायम करावी.