एकाच गालाचा घाम

वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना जेवताना घाम आला म्हणून वऱ्हाडात कोणी वैद्याकडे जात नाही. त्यातून ताटात ठेचा असला तर बोलायलाच नको! म्हणूनच जबड्याची शस्त्रक्रिया झालेला एखादा तरुण काही महिन्यांनी ‘लोणचे खाल्ले की माझा एकच गाल भिजतो’ असे सांगू लागला, तर घरची माणसे हसण्यावारी नेतात. वस्तुतः हा घाम हवेचा नसतो आणि मिरचीचाही नसतो.

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले व त्याचा जागतिक विक्रम नोंदविला गेला. रस्ता सुधारला की वेग वाढतो. दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण मात्र बहुधा अर्धेच, हनुवटी उघडी टाकणारे असते. हनुवटी आपटली की हाड पुष्कळदा तेथे न मोडता कानापुढच्या सांध्यापाशी मोडते. नेमका तेथूनच एक मज्जातंतू जातो. कानापुढील ग्रंथीला लाळ सोडण्याची आज्ञा पोहोचविणारे धागे त्यात असतात. अपघाताने वा शस्त्रक्रियेत ते दुखावले, तर पुन्हा वाढताना वाट चुकून त्वचेतील घर्मग्रंथींना जाऊन मिळतात. दोन्ही ग्रंथींना कळणारे रसायन एकच. त्यामुळे आज्ञा लाळेची निघते आणि गालावर घाम फुटतो. पोलिश मज्जाविकारतज्ज्ञ लुसिया फ्राय यांनी १९२३ मध्ये गोळीने जखमी झालेल्या एका सैनिकाच्या निमित्ताने याची मीमांसा केली. या विदुषीचा नाझी अमलात अंत झाला.

हा विकार प्राणघातक नाही, आणि त्याची आबाळ होते ती यामुळेच. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाला महत्त्वाचे धोके सांगणे आवश्यक ठरविले. दूरान्वयाचे धोके सांगितलेच पाहिजेत असे नाही, असेही म्हटले. पण पंगतीत वा वसतिगृहाच्या भोजनगृहात चारचौघांसमोर गाल पुसत बसणाऱ्याला हा धोका दूरचा कसा वाटावा? शस्त्रक्रियेपूर्वी याविषयी दोन वाक्ये सांगितली, तर कोणी घाबरून पळून जाणार नाही. न सांगितल्यास मात्र, जखमेतून लाळच झिरपते आहे, अशी भीती रुग्ण मनात बाळगून राहतो.

परीक्षा तर अगदी साधी आहे. गालाला आयोडीन लावून वाळू द्यावे, वर पिठूळ स्टार्च भुरभुरावा आणि रुग्णाला लिंबाची फोड चोखायला द्यावी. घाम येईल तेवढाच भाग निळा-काळा होतो. त्रास फार असेल तर तेथे बोट्युलिनम द्रव्याची सुई देतात. तिचा गुण काही महिने टिकतो, मग ती पुन्हा घ्यावी लागते.